‘लाव’ म्हणण्याआधी

घंटा वाजत होती, आणि ती माझ्या माहेरच्या शाळेची नाही हे कळायला मला थोडा वेळ लागला.

डोळे उघडले तेव्हा माझा उजवा हात यारीच्या दांड्यावर होता, पाय ब्रेकवर होता आणि पाठही ताठ होती. कुणी लांबून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाई कामात आहे. इंजिन धडधडत होतं. घंटेची दोरी काठावरून विहिरीत गेली होती आणि खालून कुणीतरी ती जिवाच्या आकांतानं ओढत होतं. खाली चाळीस फुटांवर माझा नवरा होता. आमच्यात घंटेचा अर्थ एकच. सुरुंगाच्या वाती पेटवल्या, मी बकेटमध्ये चढलो, आता ओढ.

मी दांडा ओढला. तारेचा दोर ड्रमवर गुंडाळायला लागला आणि बकेट वर येऊ लागली. बकेट काठाला लागली, नवऱ्यानं उडी मारली, मी इंजिन सोडून खाली उतरले आणि आम्ही दोघं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे पोचतो न पोचतो तोच पहिला बार उडाला. मग दुसरा. सात बार झाले. वरून खड्यांचा मारा झाला आणि सगळं शांत झालं.

“आज हात जड पडला का गं?” नवऱ्यानं विचारलं.

“क्लच घसरतोय,” मी म्हणाले.

तो उठला, पाना घेतला आणि निमूटपणे क्लचचे नट आवळत बसला. नट आधीच घट्ट होते. मला ते माहीत होतं.

गावात मी नवऱ्याचं नाव घेत नाही, पण इथे घेते, नाहीतर कोण कुणाला काय बोललं ते वाचणाऱ्याला कळायचं नाही. त्याचं नाव उत्तम. आम्ही विहिरी खोदणारी माणसं. दिवाळी झाली की आमची यारी, म्हणजे डिझेल इंजिनावर चालणारी क्रेन, ट्रॅक्टरमागे बांधून निघायची, ती पावसाळा तोंडावर आला की घरी परतायची. जिथे विहीर तिथे आमचं पाल. उत्तम खडकाला भोकं पाडून सुरुंग भरायचा. फुटलेला दगड दोन गडी बकेटमध्ये भरायचे आणि यारीवाला तो वर काढायचा. यारीवाला म्हणजे माझा धाकटा दीर रंगनाथ. त्या वर्षी चैत्रात तो मोटारसायकलवरून पडला आणि उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये घालून बसला. ऐन हंगामात रिकामा यारीवाला कुठला मिळायला? मी दोन हंगाम रंगनाथच्या शेजारी बसून काम पाहिलं होतं. जेवायच्या वेळेला दगडाच्या खेपाही काढल्या होत्या. म्हणून मी बसले.

यारीवर आमचे काही नियम होते. बकेटमध्ये माणूस असला की यारीवाल्याशी कुणी बोलायचं नाही. आणि वाती पेटवण्याआधी खालच्यानं विचारायचं, “लावू का?” वरून यारीवाल्यानं, फक्त यारीवाल्यानं, म्हणायचं, “लाव.” त्या एका शब्दाचा अर्थ असा, की इंजिन चालू आहे, ब्रेक धरतोय, काठावर कुणी नाही आणि मी शुद्धीवर आहे. घरात मी उत्तमला अहो-जाहो करते. यारीवर मात्र ‘लाव’. तिथे मान ठेवायला सवड नसते.

आणि त्या दिवशी मी तो शब्द झोपेत म्हटला होता.

आमची मुक्ता तेव्हा पाच महिन्यांची होती. दिवसभर ती शेतमालकाच्या घरी, नर्मदाकाकूंच्या झोळीत, शहाण्या बाळासारखी झोपायची आणि दिवेलागणीला जी सुरू व्हायची ती तांबडं फुटेपर्यंत. काय दुखत होतं देव जाणे. ओवा झाला, हिंग झाला, दृष्ट काढून झाली. मी तिला खांद्यावर घेऊन पालाभोवती चकरा मारायची. उत्तमला उठू द्यायची नाही. त्याच्या हातात सुरुंग असतो, त्याची झोप झालीच पाहिजे, असं मीच ठरवलं होतं. माझ्या हातात तो स्वतः असतो, हे माझ्या डोक्यात त्या घंटेपर्यंत शिरलं नव्हतं.

आता सांगायचं कुणाला? उत्तमला सांगितलं तर तो मला यारीवरून उतरवणार, आणि उतरवून बसवणार कुणाला? विहीर अर्धवट टाकून जायची म्हटलं तर मालकाची बोलणी, आणि आमच्या धंद्यात एक विहीर अर्धवट राहिली की पुढच्या दहा गावांत ती गोष्ट आमच्याआधी पोचते. आणि सांगितलंच नाही तर उद्या चार वाजता पुन्हा “लावू का?” येणारच होतं. परवाही येणार होतं. मी त्या लोखंडी खुर्चीत अशी अडकले होते की उतरायला कुठल्याच बाजूनं पायरी नव्हती. त्या रात्री मी मुक्ताला घेऊन चकरा मारताना रडले. तीही रडत होती, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

पण एका माणसानं पाहिलं होतं.

शेतमालक सोपानआबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. विहिरीचं काम बघत ते दिवसभर कडुनिंबाखाली बाजेवर बसायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुक्ताला पाजायला त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते ओसरीवर आले आणि खांबाला टेकून, माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोरी, काल तू उघड्या डोळ्यांनी झोपली होतीस.”

“न्हाई आबा. क्लच...”

“मला क्लच सांगू नकोस. तीस वर्षं मी क्लचवरच पाय ठेवून जेवलोय. ड्रायव्हरची मान पडायच्या आधी त्याचं बोलणं बदलतं. सरळ रस्त्यावर उगाच हॉर्न देतो, कंडक्टरनं विचारलं नसताना हूं म्हणतो. मी पाहिलंय. मी केलंय.”

“आमच्या ह्यांना सांगितलं तुम्ही?”

“सांगून काय करू? दुसरा यारीवाला काय मी खिशात घेऊन फिरतो?” ते बाजूला सरकले. “पोरगी झोपली का? मग गोठ्यात ये. नर्मदे, तूबी ये, नाहीतर लोक म्हणतील म्हातारा बिघडला.”

गोठ्यात गाई चरायला गेल्या होत्या. आबांनी एक पोतं अंथरलं आणि मला त्यावर उताणं पडायला सांगितलं. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या माणसासमोर बाई उताणी पडते का कुठे? काकू म्हणाल्या, “पड गं. माझ्याकडूनही ह्यांनी तेच करून घेतलंय. गुडघेदुखीला.” आबा भिंतीकडे तोंड करून बसले, तेव्हा मी पडले.

“एकदा डेपोत योगाचा मास्तर आला होता,” ते भिंतीला सांगायला लागले. “तीन दिवस. सगळी पोरं हसत होती. मी गेलो, कारण कामाच्या वेळात आडवं पडायला मिळायचं. मास्तर म्हणाला, ही योगनिद्रा. नाव मोठं, काम सोपं. झोपायचं न्हाई, हे पहिलं. उजव्या पायाचा अंगठा, असं मनात म्हणायचं आणि मनानं तिथं जायचं. तो सैल सोडायचा. मग त्याच्या शेजारचं बोट. मग तिसरं. मग तळवा, घोटा, पोटरी, असं वर वर यायचं. डोक्यापर्यंत. मग डाव्या अंगठ्यापासून पुन्हा. वीस मिनिटं.”

“आणि झोप लागली तर?”

“लागंल. पहिले चार दिवस लागंल. नर्मदा हलवून उठवंल. पाचव्या दिवशी लागणार न्हाई. मी मुक्कामाच्या गाडीला, परतीच्या टायमाआधी मागच्या सीटवर हेच करायचो. कंडक्टर म्हणायचा, काका, तुम्ही मेलात का जिवंत? मी म्हणायचो, आत्ता गुडघ्यापर्यंत मेलोय.”

काकू हसल्या. मला हसू आलं नाही. मी उजव्या अंगठ्याकडे गेले आणि दुसऱ्या बोटाशी पोचायच्या आत झोपले.

“एक ध्यानात ठेव,” मला उठवल्यावर आबा म्हणाले. “ही झोप न्हाई. झोपेचं पोट यानं भरत न्हाई, ते घरी जाऊनच भरायचं. पण तास-दोन तास डोकं धुतल्यासारखं राहतं. तुला तेवढंच पायजे. सुरुंग लावायच्या आधी रोज ये. चुकवू नको.”

मी रोज जायला लागले. उत्तमला वाटायचं, पोरीला पाजायला जाते. आबा म्हणाले होते तसंच झालं, चार दिवस मी नुसती ढेपाळून झोपायची आणि आधीपेक्षा जास्त सुस्त होऊन उठायची. पाचव्या दिवशी डाव्या खांद्याशी आले तेव्हा मला काकूंच्या बांगड्या ऐकू येत होत्या, बाहेर भोरडी पाखरांचा आवाज येत होता, आणि तरी माझं अंग जमिनीला दिल्यासारखं सैल होतं. उठून यारीवर बसले. तारेच्या दोराचे पीळ मला एकेक वेगळे दिसले. विहिरीच्या उत्तरेच्या अंगाला, वरून पंधरा-वीस फुटांवर, खडकाचा एक दात पुढे आलेला होता. तो रोज तिथेच असणार, पण मला तो त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. उत्तमनं “लावू का?” विचारलं, तेव्हा मी आधी ब्रेक दाबून पाहिला, काठ बघितला आणि मग “लाव” म्हणाले. माझा आवाज मला ऐकू आला. किती दिवसांनी ऐकू आला.

पंधरा दिवस असे गेले. विहीर साठ फुटांवर गेली. तळाला ओल दिसायला लागली. अजून आठ दिवस, असं उत्तम म्हणाला, आणि मला वाटलं, आता सुटलो आपण यातून.

मग मुक्ताला ताप आला.

त्या रात्री मी मिनिटभरही पाठ टेकली नाही. ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत बसले. उजाडल्यावर काकू तिला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या, आबाही बरोबर गेले. मीही जायला हवं होतं. पण मी गेले तर विहिरीत दोन गडी आणि उत्तम हात बांधून बसणार, म्हणून मी यारीवर बसले आणि पोर परक्या बाईच्या कडेवर गेलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या सकाळी दगडाची भरलेली बकेट मी थेट वरच्या चाकाला नेऊन ठोकली. थांबवायची असते ते मला आठवलंच नाही. रंगनाथनं धावत येऊन डाव्या हातानं इंजिन बंद केलं. “वहिनी, मारतीस का काय सगळ्यांना?” तो ओरडला. खाली कुणी नव्हतं, गडी भाकरी खायला वर आलेले होते, म्हणून निभावलं. उत्तमनं बकेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि भोकं पाडायला खाली गेला.

दुपारी गोठा बंद होता. मुक्ताची काही खबर नव्हती. मी पालात पडून पाहिलं, पण अंगठा म्हटला की मुक्ताचा तापलेला तळपाय आठवायचा आणि मी उठून रस्त्याकडे बघत बसायची. असं करत तीन वाजले. पश्चिमेला आभाळ काळं झालं. वळवाचे ढग चढायला लागले आणि लांबवर वीज चमकली. भरलेल्या सुरुंगावर वीज म्हणजे काय, हे आमच्या धंद्यात कुणाला सांगावं लागत नाही. उत्तमनं सातही भोकं भरून ठेवली होती. गड्यांना मी देवाचं नाव घेत कसंबसं वर काढलं. खाली तो एकटाच उरला.

“आटपा,” रंगनाथ म्हणाला. “वारा सुटलाय.”

मी इंजिन सुरू करून खुर्चीत बसले. खालून आवाज आला, “लावू का?”

माझे ओठ हलले. शब्द जिभेवर आला होता. नुसता आला नव्हता, बाहेर पडत होता, आणि मी लांबून त्याच्याकडे बघत होते. ब्रेक पाहिला का? नाही. काठ पाहिला का? नाही. माझ्या समोर दोर होता आणि तो एक आहे की दोन, हे मला नीट सांगता आलं नसतं. मी जीभ दाताखाली धरली. रक्ताची चव आली.

“लावू का?” पुन्हा आवाज आला.

“थांब,” मी म्हणाले.

मी इंजिन बंद केलं. ब्रेकला लाकडाची पाचर मारली आणि खाली उतरले.

“काय झालं?” रंगनाथ धावत आला.

“मला वीस मिनिटं पायजेत.”

“कशाला?”

“पडायला.”

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरले नाही. “वहिनी, डोकं फिरलं का तुझं? वर वीज, खाली भरलेली भोकं, दादा खाली, आणि तुला पडायचंय?”

“व्हय.”

“मग आधी त्याला वर घे. मग काय लोळायचं ते लोळ.”

“वर घ्यायलाबी हात माझा ताब्यात लागतो. सकाळी बघितलंस ना बकेट कुठं नेली ते? त्यात दगड होते. आता माणूस बसवू?”

शिडीनं यायची सोय नव्हती, तीस फुटांच्या खाली सरळ काळा खडक होता. मी काठावर गेले. खाली उत्तम वर बघत उभा होता. एवढासा दिसत होता. कानावर बिडी होती. भोवती वातींची सात टोकं.

“माझी झोप झालेली न्हाई,” मी सांगितलं. साठ फूट खाली, ओरडून, दोन गड्यांच्या आणि दिराच्या देखत. “वीस मिनिटं थांब. मग लाव म्हणते.”

मी वळले, यारीच्या सावलीत, मुरमाच्या ढिगाच्या अलीकडे, पदर पायांवर ओढून उताणी पडले. गडी तोंड फिरवून उभे राहिले. मी डोळे मिटले.

उजव्या पायाचा अंगठा. ढग गडगडला. शेजारचं बोट. पोरगी कशी असेल? तिसरं बोट. मुक्ता. पुन्हा अंगठा. आबा म्हणाले होते, मन पळालं तर रागवायचं नाही, जिथून पळालं तिथून पुन्हा धरायचं. अंगठा. दुसरं. तिसरं. तळवा. जमिनीचा चटका पाठीला लागत होता. माझा नवरा खड्ड्यात बारुदाच्या मधोमध उभा आहे आणि मी घोटा म्हणतेय, पोटरी म्हणतेय. याच्याइतकं अवघड काम मी आयुष्यात केलं नाही. बाळंतपण सोपं होतं, तिथे निदान ओरडता येतं.

मांडीपर्यंत आले होते तेव्हा लोखंडाचा आवाज झाला. रंगनाथ खुर्चीत चढला होता. पाचर काढायला एका हातानं झटत होता. मी ऐकलं, पण उठले नाही. उठले असते तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं.

“दादा,” तो ओरडला, “मी घेतो तुला वर. बकेटमधी बस.”

खालून उत्तमचा आवाज आला. रागाचा नव्हता. “रंग्या, उतर.”

“अरं, एका हातानं जमतं मला...”

“उतर म्हणलं ना. ती उठंस्तवर यारीला कुणी हात लावायचा न्हाई.”

रंगनाथ उतरला. मला त्याची पावलं ऐकू आली. कंबर. पोट. उजवा हात, एकेक बोट. खांदा, मान, गाल, भुवई. मग डावा अंगठा. डाव्या गुडघ्याच्या पुढे कधीतरी ढगांचा आवाज लांब गेला, म्हणजे ढग तिथेच होते, मीच खाली गेले होते. वारा अंगावरून जात होता. झोप आली नाही. नुसती स्वस्थता आली. इतकी, की मला रडू येईल असं वाटलं.

“वीस झाली,” रंगनाथ म्हणाला. त्याच्या मनगटावरचं घड्याळ तो सगळा वेळ बघत होता.

मी उठले. तोंडावर पाणी मारलं. इंजिन सुरू केलं, पाचर काढली, ब्रेक दाबून पाहिला. काठ पाहिला. दोर एकच होता. गड्यांना आणि रंगनाथला ट्रॉलीमागे पाठवलं. मग मी खाली हाक दिली, “विचार.”

“लावू का?”

“लाव.”

बिडीचा धूर मला वरून दिसला. एक, दोन, तीन, तो वाकत वाकत सातही वाती लावत गेला. बकेटमध्ये चढला. घंटा वाजली. मी दांडा ओढला आणि मोजायला लागले. रंगनाथनं मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, घंटेपासून पहिल्या बारापर्यंत एकशेवीस आकडे, आणि माणूस वर यायला साठ. पण झोपेच्या त्या दिवसांत मी कधी मोजलंच नव्हतं, आणि डोकं धुतलेल्या पंधरा दिवसांत तो वर येऊन मी पळायला लागले की मोजणी सुटायची. त्या दिवशी मी सोडायचं नाही असं ठरवलं.

चाळीस झाले तेव्हा वाऱ्याचा झोत आला, बकेट उत्तरेला झुलली आणि खडकाच्या त्या दाताखाली अडकली.

दोर ताठ झाला. इंजिन घुसमटलं. यारीचे मागचे पाय जमिनीतून उचकटायला लागले. माझा हात आपण होऊन दांडा अजून ओढायला निघाला, कारण खाली आग होती आणि वर आणायचं एवढंच हाताला माहीत होतं. झोपेच्या त्या दिवसांतली मी असते तर ओढलाच असता. दोर तुटला असता, नाहीतर यारीच विहिरीत गेली असती.

मी दांडा सोडला. ब्रेक ढिला केला आणि माझ्या नवऱ्याला पाच फूट खाली सोडलं. पेटलेल्या वातींकडे.

“काय करती ती?” ट्रॉलीमागून रंगनाथ किंचाळला.

पंचावन्न. छप्पन्न. बकेट दातापासून सुटली, पण झुलत होती. झुलत असताना ओढली तर पुन्हा अडकणार. थांबायचं. उत्तमनं पाय टेकून खडकाला रेटा दिला. साठ. पासष्ट. झोका लहान झाला. सत्तर. झोका दक्षिणेला गेला तसा मी दांडा ओढला. बकेट दाताच्या बाजूनं एक वीत अंतरानं वर गेली. पंचाण्णवला उत्तम काठावर उतरला. आम्ही पळालो. ट्रॉलीमागे बसलो, माझं कपाळ त्याच्या पाठीला लागलं होतं, आणि मी मोजतच होते.

एकशेवीस झाले. काही उडालं नाही.

एकशेतीस. एकशेचाळीस. रंगनाथ म्हणाला, “वाती मेल्या वाटतं.”

एकशेसत्तरला पहिला बार उडाला. मग ओळीनं सात.

ढग तसेच पुढे निघून गेले, एक थेंबही पडला नाही. तासाभरानं आबा-काकू मुक्ताला घेऊन आले. ताप उतरला होता, ती काकूंच्या खांद्यावर गाढ झोपली होती. मी तिला घेतलं आणि पालाच्या दाराशी बसले. उत्तम शेजारी येऊन बसला. त्याचा उजवा गुडघा खडकावर घासून सोलून निघाला होता.

“वात लांब होती,” मी म्हणाले.

तो बिडी चोळत राहिला.

“मी मोजलंय. एकशेसत्तर. पन्नास आकडे जास्त. केव्हापासून?”

“केव्हापासून काय?”

“केव्हापासून लांब कापताय?”

“त्या दिवसापासून. तू क्लच म्हणालीस त्या.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“त्या दिवशी मी ‘लावू का’ विचारलंच न्हवतं, कले. बिडी पेटंना म्हणून शिवी दिली. तर तू वरनं ‘लाव’ म्हणालीस.” तो मुक्ताकडे बघत होता. “मला वाटलं, आता विचारणारच होतो, हिनं आधीच सांगितलं. लावली. मग घंटा ओढतोय, ओढतोय, आणि दोर हलंना. तवा कळलं.”

“आणि तरी दुसऱ्या दिवशी खाली उतरलात?”

“मग काय करू? तुला म्हणू, तुझ्या हाती मी मरंन? म्हणलो असतो तर तू बसली असतीस का पुन्हा? आणि बसली असतीस तर त्या हातानं दांडा धरवला असता का?” त्यानं बिडी फेकून दिली. “एक हात वात जास्त ठेवली. तुला जाग यायला तेवढा वेळ मिळंल म्हणलं.”

वीस-बावीस दिवस. रोज चार वाजता तो माणूस बिडी पेटवून खाली वाकत होता, आणि वर बसलेली बाई जागी आहे की नाही हे त्याला माहीत नव्हतं. मी गोठ्यात चोरून पडत होते, तो चोरून वात लांब कापत होता, आणि आम्ही दोघं एकाच पालात, एकाच पातेल्यातलं कालवण खात होतो. मला त्याचा इतका राग आला की मी त्याच्या दंडावर जोरात मारलं. मग त्याच दंडाला धरून रडले. मुक्ता उठली नाही. त्या रात्री ती पहिल्यांदा सलग झोपली, आणि आम्हा दोघांनाच झोप लागली नाही.

ती विहीर आठ दिवसांत संपली, चांगलं पाणी लागलं. पुढच्या हंगामात रंगनाथचा हात बरा झाला आणि मी खुर्ची सोडली. आता यारीही नाही. उत्तम ग्रामपंचायतीच्या टाकीवर पाणी सोडायला जातो. मुक्ता नर्सिंगला आहे, रात्रपाळी असली की मला फोन करून म्हणते, “आई, आत्ता घोट्यापर्यंत आलेय.”

सकाळी लवकर उठून चहा उत्तमच ठेवतो. पातेलं शेगडीवर, लायटर हातात, आणि मागे वळून मला विचारतो, “लावू का?” इतकी वर्षं झाली, एकही दिवस चुकवत नाही. मी लगेच उत्तर देत नाही. उठून बसते, डोळे चोळते, खिडकी उघडी आहे का बघते. तो लायटर धरून थांबतो. मग मी सांगते.